एकाच माणसाच्या दोन नोंदी: गुन्हेशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या सीमेवरचे संशोधक नेमकं काय करतात?

गुन्हेशास्त्रातल्या संशोधनासाठी दिला जाणारा स्टॉकहोम पुरस्कार २००८ साली दोघांना विभागून मिळाला. एक होते जोनाथन शेफर्ड, तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन. दुसरे डेव्हिड ओल्ड्स. त्यांनी गरोदर बायकांच्या घरी नर्स पाठवण्याचा कार्यक्रम आखला आणि त्याचे परिणाम वर्षानुवर्षं मोजले. दोघांचाही पोलीस, वकिली किंवा न्यायालयाशी धंद्याने संबंध नव्हता. तरी गुन्हे कसे कमी होतात हे समजून घ्यायला त्यांच्या कामाचा जो उपयोग झाला, तो पुरस्कार देणाऱ्यांना मोलाचा वाटला.

या विषयात करिअर करतो असं कुणी सांगितलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रक्ताचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा येते. ते काम न्यायवैद्यकशास्त्राचं. इथे आपण बोलतोय ते वेगळंच आहे: मारहाण, खून, घरातला छळ, तुरुंगवास, व्यसन या गोष्टी लोकसंख्येत कुठे, कुणाच्या वाट्याला, किती प्रमाणात येतात आणि काय केल्याने कमी होतात याचा अभ्यास. ज्याचा जबडा मोडतो तो इस्पितळात येतो, ज्याने मोडला तो पोलिसांकडे जातो, आणि पुष्कळदा आज मार खाणारा उद्या मारणारा असतो. दोन सरकारी खाती त्याच वस्तीतल्या त्याच माणसांच्या नोंदी ठेवतात, पण एकमेकांच्या वह्या उघडत नाहीत. या संशोधकाचं पहिलं काम त्या वह्या शेजारी ठेवण्याचं.

शेफर्ड यांनी नेमकं तेच केलं. मारहाणीत जखमी होऊन इस्पितळात आलेल्यांपैकी मोठा भाग पोलिसांच्या दप्तरी नसतोच, हे त्यांच्या लक्षात आलं. कुणाला सूडाची भीती असते, कुणाला मारणारा ठाऊक नसतो, कुणाला स्वतःच्या वागण्याची चौकशी नको असते. गुन्हेशास्त्रात या न नोंदलेल्या भागाला गुन्ह्यांचा अंधारातला आकडा म्हणतात. वेल्समधल्या कार्डिफ शहरात त्यांनी एक साधी व्यवस्था उभी केली. तातडीच्या विभागातल्या खिडकीवरचा कर्मचारी जखमीला तीनचार प्रश्न विचारी: कुठे मारलं, केव्हा, कशाने. नाव-गाव काढून टाकलेली ही माहिती दर महिन्याला पोलीस आणि नगरपालिका यांच्यापुढे ठेवली जाई. मग गस्तीची ठिकाणं आणि वेळा बदलल्या, दारूच्या गुत्त्यांत फुटून धारदार होणाऱ्या काचेच्या ग्लासांऐवजी दुसरे ग्लास आले, गर्दीचे काही रस्ते गाड्यांसाठी बंद झाले.

याचा उपयोग झाला का, हे पाहणारा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कार्डिफची तुलना तशाच १४ शहरांशी केली होती. मारहाणीमुळे इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण त्या शहरांच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी कमी निघालं. पण मला या अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. पोलिसांनी नोंदवलेल्या किरकोळ मारहाणीच्या घटना कार्डिफमध्ये तुलनेने वाढल्या होत्या. गंभीर जखमा घटल्या आणि किरकोळ नोंदी वाढल्या. संशोधकाकडे फक्त पोलिसांचा तो एक आकडा असता, तर उपक्रम फसला असा निष्कर्ष निघाला असता. इस्पितळाची वही शेजारी होती म्हणून अर्थ लावता आला: पोलीस लवकर पोचू लागले असावेत, भांडण चिघळण्याआधीच नोंद होऊ लागली असावी.

या सगळ्या करिअरचा गाभा मला यात दिसतो. कोणता परिणाम मोजायचा आणि किती काळ मोजायचा, या दोन प्रश्नांवर इथल्या माणसाचं आयुष्य जातं.

काय मोजायचं

याचं सगळ्यात हादरवणारं उदाहरण घरगुती हिंसेच्या अभ्यासातलं आहे. १९८१-८२ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात लॉरेन्स शेरमन आणि रिचर्ड बर्क यांनी एक प्रयोग केला. घरात मारहाण झाल्याची तक्रार आली की पोलिसांनी काय करावं? अटक करावी, मारणाऱ्याला काही तासांसाठी घराबाहेर काढावं, की समजावून सांगून परतावं? तेव्हा प्रत्येक पोलीस आपल्या मनाने ठरवी. प्रयोगात पोलिसांना तीन रंगांच्या अर्जांचं पॅड दिलं होतं. वर जो रंग येईल ती कारवाई. म्हणजे निवड पोलिसाच्या मर्जीवर राहिली नाही, चिठ्ठी टाकल्यासारखी झाली. नव्या औषधाची चाचणी अशीच घेतात, कारण त्याशिवाय दोन गट खरे सारखे होत नाहीत.

अटक झालेल्यांनी पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा मारहाण कमी केली, असं दिसलं. निष्कर्ष १९८४ मध्ये छापून आले आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी अशा प्रकरणांत अटकेवर भर देणारे, काही ठिकाणी ती सक्तीची करणारे नियम आले. एका शहरातल्या ३१४ प्रकरणांवरून.

मग तोच प्रयोग इतर शहरांत करून पाहिला गेला आणि उत्तरं फाटली. मिलवॉकीमध्ये असं दिसलं की ज्याला नोकरी आहे त्याला अटकेचा धाक बसतो, आणि जो बेकार आहे तो अटकेनंतर जास्त मारतो. हे इथपर्यंतचं काम गुन्हेशास्त्राचं. मोजलं काय, तर पुन्हा गुन्हा घडला की नाही.

सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न त्यानंतर आला: ज्या बाईला मार बसला, तिचं पुढे काय झालं? मिलवॉकीच्या प्रयोगात १,१२५ पीडित व्यक्ती होत्या. शेरमन आणि हेदर हॅरिस यांनी २३ वर्षांनंतर त्यांची नावं मृत्यूच्या नोंदींशी जुळवून पाहिली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण, ज्यांच्या जोडीदाराला नुसती ताकीद देऊन घरी ठेवलं होतं त्यांच्यापेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त होतं. आफ्रिकन-अमेरिकन पीडितांमध्ये हा फरक ९८ टक्के होता. आणि हे बहुतेक मृत्यू खुनाचे नव्हते. हृदयविकारासारख्या आजारांचे होते.

अटक करणं चूक आहे, असा याचा सरळ अर्थ कुणी काढू नये. हा एका शहरातला, एका काळातला निष्कर्ष आहे, आणि अटकेपासून आजारापर्यंतची वाट कशी गेली हे सिद्ध झालेलं नाही. पण जिच्या रक्षणासाठी कायदा केला, तिची तब्येत मोजायचं इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं, याची मला खरोखर खंत वाटते. पोलिसांच्या वहीत तिचं प्रकरण त्याच दिवशी बंद झालं होतं.

किती काळ मोजायचं

दुसरा प्रश्न मुदतीचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात एक उपक्रम आखला. वाट चुकण्याची शक्यता असलेल्या लहान मुलांना वेळीच आधार दिला तर ती गुन्ह्यांकडे वळणार नाहीत, अशी त्यांची कल्पना. ५०६ मुलं घेतली, वय-स्वभाव-घर पाहून त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या कुणाला मदत द्यायची हे नाणं उडवून ठरवलं. मदत सरासरी साडेपाच वर्षं चालली: समुपदेशक घरी येत, अभ्यास घेत, औषधपाण्याचं पाहत, उन्हाळी शिबिरांना पाठवत.

जोन मॅकॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनी या मुलांना, म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषांना, शोधून काढलं. बहुतेकांना त्या उपक्रमाबद्दल चांगलंच वाटत होतं; दोनतृतीयांश लोकांनी मदतीचा उपयोग झाला असं सांगितलं. नोंदी मात्र उलटं सांगत होत्या. मदत मिळालेल्यांमध्ये पुन्हा पुन्हा गुन्हा करणारे, दारूच्या आहारी गेलेले, गंभीर मानसिक आजार झालेले आणि लवकर मेलेले लोक मदत न मिळालेल्यांपेक्षा जास्त होते. मॅकॉर्ड यांनी हे १९७८ मध्ये छापलं. पुढच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिराला गेलेल्या मुलांमध्ये होतं. बिघडण्याच्या वाटेवरची मुलं एकत्र आणली की ती एकमेकांकडून काय शिकतात, हा विचार तिथून पुढे आला.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण मनात ठेवावं असं मला वाटतं. हेतू चांगला, माणसं प्रेमळ, लाभार्थी समाधानी, आणि तरीही अपाय. औषधाच्या बाबतीत आपण ही शक्यता धरूनच चालतो. सामाजिक उपक्रमांच्या बाबतीत ती बोलून दाखवली तरी लोक दुखावतात.

ओल्ड्स यांच्या कामाची गोष्ट आशेची आहे, पण तीही सरळ नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात ४०० गरोदर बायकांपैकी काहींच्या घरी, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत, नर्स जात राहिल्या. उद्देश बाळंतपण आणि बाळाची तब्येत नीट राहावी हा. ती मुलं १५ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर गरीब, अविवाहित आयांच्या मुलांमध्ये अटकेचं प्रमाण कमी होतं. ती १९ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हा फायदा मुलींमध्ये टिकून होता, मुलांमध्ये फारसा दिसत नव्हता. पंधराव्या वर्षी मोजणी थांबवली असती तर चित्र अधिक गोड राहिलं असतं.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ जणांचा अभ्यास अजून चालू आहे. सुरुवात बाळांच्या आरोग्यापासून झाली होती. दात, फुप्फुसं, रक्त तपासता तपासता संशोधक त्यांच्या वागण्याचीही नोंद ठेवत गेले, आणि टेरी मॉफिट यांना त्यातून एक महत्त्वाचा फरक दिसला: बरीच मुलं फक्त किशोरवयात दंगा करतात आणि सावरतात, मोजकीच लहानपणापासून मोठेपणापर्यंत तशीच राहतात. याच मुलांच्या रक्तातल्या शिशाची मोजणीही झाली होती. पेट्रोलमधलं शिसं आणि गुन्हेगारी यांचं नातं आहे, असं पुष्कळ ठिकाणी मांडलं गेलं आहे. ड्युनेडिनमध्ये शिशाचा भार गरीब-श्रीमंत असा भेद न करता पसरला होता, आणि तिथे गुन्ह्यांशी त्याचं नातं क्षीणच निघालं. बुद्ध्यंकावरचा परिणाम मात्र स्पष्ट होता. अशा अभ्यासात एका माणसाची कारकीर्द संपते आणि दुसरा तिथून पुढे मोजू लागतो.

या वाटेवर माणूस येतो कसा

दोन दारं आहेत. एक समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायद्याचं, दुसरं वैद्यक, नर्सिंग किंवा संख्याशास्त्राचं. कुठूनही आलात तरी पीएचडीची तीन ते पाच वर्षं, मग एकदोन पोस्टडॉक म्हणजे मुदतीच्या संशोधन नोकऱ्या, आणि त्यानंतर जमलं तर विद्यापीठात कायमची जागा. मधली वर्षं कठीण असतात. अनुदान संपलं की नोकरी संपते, आणि डेटा मिळायची परवानगीच कधी कधी अनुदानाच्या अर्ध्या मुदतीने हातात येते.

दोन घरांचे रिवाज वेगळे असल्याचा त्रास नव्याला फार होतो. वैद्यकाच्या बाजूला छोटे शोधनिबंध आणि लेखकांची लांब यादी; पहिलं नाव बहुतेक काम करणाऱ्याचं, शेवटचं गटप्रमुखाचं. कायद्याच्या आणि समाजशास्त्राच्या बाजूला एकट्याने लिहिलेलं पुस्तक किंवा दीर्घ लेख वजनदार. निवड समितीपुढे एकाला हा उमेदवार डॉक्टर नसल्याचं खटकतं, दुसऱ्याला त्याच्या लेखनात सिद्धान्त नसल्याचं. भाषाही जुळत नाही. गुन्हेशास्त्र जबाबदारीबद्दल बोलतं, सार्वजनिक आरोग्य जोखमीबद्दल. हिंसा हा आजार आहे असं म्हटलं की करणाऱ्याचा दोष पुसला जातो, अशी टीका होते आणि ती पोकळ नाही. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य सभेने हिंसा ही सार्वजनिक आरोग्याची समस्या असल्याचा ठराव केला, त्याला इतकी वर्षं झाली तरी हा वाद मिटलेला नाही.

रोजचं काम बाहेरून वाटतं त्यापेक्षा खूपच संथ असतं. पोलिसांची आणि इस्पितळाची नोंद एकाच माणसाची आहे हे ठरवायचं, तर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पत्ता जुळवावा लागतो. बहुतेक ठिकाणी ही जुळवणी तिसरीच संस्था करते आणि संशोधकाला नावांऐवजी सांकेतिक क्रमांक मिळतात, तेही बंदोबस्तातल्या संगणकावर. ज्यांना धड पत्ता नाही, जे नाव बदलून सांगतात, ते जुळवणीतून गळतात. आणि मार खाण्याची शक्यता त्यांचीच सर्वाधिक. या गळतीचा हिशेब मांडता येणं ही इथली खरी कारागिरी आहे, आणि नव्या माणसाने सगळ्यात आधी तीच शिकावी.

मुलाखती घेणाऱ्यांपुढे वेगळा पेच असतो. समोरच्याने न पकडला गेलेला गुन्हा सांगितला तर? डॉक्टर किंवा वकिलाला असतं तसं गुप्ततेचं कायदेशीर कवच संशोधकाला सगळीकडे नसतं. अमेरिकेत रिक स्कार्स नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने मुलाखतींतली माहिती द्यायला नकार दिला म्हणून १९९३ मध्ये त्याला १५९ दिवस तुरुंगात काढावे लागले. त्यामुळे काय विचारायचं आणि काय मुद्दाम विचारायचं नाही, हे आधीच ठरवून नीतिसमितीकडून मंजूर करून घ्यावं लागतं. शिवाय दिवसभर अत्याचाराच्या हकिकती ऐकून किंवा वाचून झोप उडते, चिडचिड होते. याबद्दल विभागात उघड बोललं जातं का, हे मार्गदर्शक निवडताना विद्यार्थ्याने जरूर विचारावं.

पैशाचं राजकारणही इथे थेट अंगावर येतं. १९९३ मध्ये एका अभ्यासाने घरात बंदूक असणं आणि त्या घरात खून होणं यांचा संबंध दाखवला. त्याला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा पैसा होता. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी या केंद्राचा पैसा वापरू नये अशी तरतूद केली आणि केंद्राच्या अंदाजपत्रकातले २६ लाख डॉलर, म्हणजे नेमकी बंदुकीच्या जखमांवरच्या संशोधनाएवढी रक्कम, दुसरीकडे वळवली. संशोधनावर अक्षरशः बंदी नव्हती. पण या विषयावर करिअर उभं राहील याची खात्री संपली आणि तरुण संशोधक दुसरीकडे वळले. पुन्हा ठोस निधी मिळाला तो २०२० च्या अंदाजपत्रकात. मधल्या काळात जे अभ्यास झालेच नाहीत, त्यांचा डेटा आता मागे जाऊन गोळा करता येणार नाही.

या कोरड्या काळातही काहींनी वेगळ्या बाजूने वाट काढली. चार्ल्स ब्रानस यांच्या गटाने फिलाडेल्फियातल्या ५४१ ओसाड मोकळ्या जागा निवडल्या. चिठ्ठीने ठरवलेल्या काही जागांतला कचरा काढून गवत लावलं, बुटकं लाकडी कुंपण घातलं. अतिगरीब वस्त्यांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. कुणालाही अटक न करता.

तुरुंगाच्या दाराशी

दोन्ही विषय सर्वांत घट्ट गुंफले जातात ते तुरुंगात. तिथे संशोधनाचा इतिहास काळा आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ पर्यंत कैद्यांच्या त्वचेवर औषधांचे आणि रसायनांचे प्रयोग झाले. थोड्या पैशांसाठी कैदी हो म्हणत, आणि बंद दाराआड दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. १९७८ पासून अमेरिकेत कैद्यांवरच्या संशोधनाला खास नियम लागू आहेत. उदाहरणार्थ, अभ्यासात भाग घेतला म्हणून पॅरोलच्या निर्णयात फायदा होता कामा नये.

पण सुटकेनंतर काय होतं हे पाहायला तुरुंगात शिरावंही लागत नाही. वॉशिंग्टन राज्यातून १९९९ ते २००३ दरम्यान सुटलेल्या ३०,२३७ लोकांच्या नोंदी इंग्रिड बिन्सवँगर यांच्या गटाने मृत्यूच्या नोंदींशी जुळवल्या. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका त्याच राज्यातल्या इतर लोकांच्या १२.७ पट होता. पहिलं कारण अमली पदार्थांचा अतिरेक. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर पडल्यावर जुनंच प्रमाण जिवावर बेतू शकतं. तुरुंगाच्या वहीत मात्र त्या माणसाच्या नावापुढे फक्त ‘मुदत पूर्ण, सुटका’ एवढंच असतं.

ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या, अतिरेकावर नॅलोक्सोन हे औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो. सुटणाऱ्यांच्या हाती ते दिलं तर मृत्यू घटतील का, हे तपासायला इंग्लंडमध्ये चाचणी सुरू झाली. एका गटाला औषध, दुसऱ्याला नाही. ती मुदतीआधीच थांबवावी लागली. परत आलेल्या माहितीवरून दिसलं की औषध वापरलं गेलं त्यांतल्या दोनतृतीयांश वेळा ते सुटलेल्या कैद्याने दुसऱ्याच कुणाला तरी वाचवण्यासाठी वापरलं होतं. चाचणी एकाचा जीव मोजायला बसली होती आणि औषध दुसऱ्याच्या कामी येत होतं, त्यामुळे दोन गटांची तुलनाच निरर्थक होत होती.

स्कॉटलंडने २०११ पासून हेच औषध देशभर द्यायला घेतलं होतं आणि मोजणीही तशीच देशाच्या पातळीवर केली: ओपिऑइडमुळे झालेल्या एकूण मृत्यूंपैकी किती मृत्यू तुरुंगातून सुटल्यानंतरच्या चार आठवड्यांत झाले? २००६ ते २०१० मध्ये हे प्रमाण ९.८ टक्के होतं. २०११ ते २०१३ मध्ये ते ६.३ टक्क्यांवर आलं.